पारा साडेसत्याण्णववर थांबला म्हणून थर्मामीटर फेकू नका

दहावीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायला आल्या की पाणी किती अंशांना उकळलं, हे मी वही न उघडता सांगतो. १००. सगळ्यांचं १००. बेळगावात बसून! आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे. इथं हवेचा दाब कमी, त्यामुळं पाणी ९७.५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटर उंचीला एक अंश वजा करायचा. १००च बघायचे असतील तर चोर्ला घाट उतरून पणजीला जावं लागेल.

एका शाळेत तर यावरून कहर झाला. नव्या थर्मामीटरांचा डबा आला होता. पोरांनी पाणी उकळायला ठेवलं, पारा साडेसत्याण्णवला अडला. "सर, पुढं सरकंना झालाय की!" दुसरा थर्मामीटर घातला, तिसरा घातला, तेच. सरांनी अख्खा डबा बांधून दुकानदाराकडं परत धाडला. त्या बिचाऱ्यानं बदलून दिला. नवा डबाही ९७.५ वरच अडला, तेव्हा मुलांना सांगण्यात आलं, "पुस्तकात आहे तसं १०० लिहा आणि मोकळे व्हा." मला बोलावलं ते तिसरा डबा मागवायच्या आधी. मी फक्त कुटलेला बर्फ मागितला. बर्फात थोडं पाणी घालून सगळे थर्मामीटर त्यात बुडवले, तर एकूणएक शून्यावर. माल चोख होता.

म्हणून माझी सवय सांगतो. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक थर्मामीटर आधी बर्फात, मग उकळत्या पाण्याच्या वर, वाफेत धरायचा. पाण्यात नाही, वाफेत. पाण्यात काही विरघळलेलं असलं तर आकडा वर सरकतो. एवढं झालं की पारा सांगेल ते लिहायचं. गाईडमधून आकडा उचलणाऱ्या पोराला मी गुण देत नाही, मग आकडा बरोबर का असेना.

दुसरी चूक जुनी आहे आणि जाता जात नाही: उष्णता आणि तापमान एकच समजणं. ही शिकवायला मी मुलांना निपाणीकडच्या गुऱ्हाळावर नेतो. चुलवाणात चिपाडं धडाडून पेटलेली असतात, काहिलीत रस खळखळत असतो आणि तासभर झाला तरी रसाचं तापमान जवळपास जागच्या जागी. मग एखादा उतावळा हमखास म्हणतो, "अजून जाळ घालूया की." घाल बाबा. वाफ जास्त निघेल, तापमान तेवढंच राहील.

हिशेब करून बघा. एक किलो पाणी २५ अंशांवरून आपल्या उकळबिंदूपर्यंत न्यायला साधारण ३०० किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला सव्वादोन हजारांहून जास्त, म्हणजे सातपटीहून अधिक, आणि या सगळ्या वेळात पारा हलत नाही. हीच अप्रकट उष्मा; स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं १७६० च्या दशकात ती मोजून दाखवली. उसाच्या रसात बहुतेक पाणीच. ते निघून गेल्यावर मात्र तापमान भराभर चढतं, आणि ११५ च्या आसपास गुळव्या कुणाशी बोलतसुद्धा नाही. तिथंच चुलवाणातली ठिणगी हातावर उडाली तर नुसता चटका बसतो, पण पळीभर उकळता रस सांडला तर कातडी सोलून निघते. ठिणगीचं तापमान कितीतरी जास्त. पण तिच्यात द्रव्यच इतकं कमी की द्यायला उष्णता उरत नाही.

घरीसुद्धा हेच. आमटीला उकळी फुटली की गॅस बारीक करा. मोठ्या आचेवर ती लवकर शिजत नाही, फक्त आटते.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. थर्मामीटरचा फुगा भांड्याच्या तळाला टेकवू नका, तो तळाचं तापमान सांगतो. प्रयोगशाळेतला थर्मामीटर बाहेर काढून वाचू नका. ताप बघायच्या काचेच्या थर्मामीटरला नळीत खाच असते म्हणून पारा थांबतो, याला ती नसते. आणि तो तापाचा थर्मामीटर गरम पाण्यात बुडवू नका. त्याची मजल ४२ अंशांपर्यंत, पुढं तो फुटतो.

सेल्सिअसचं केल्विन करायला २७३ मिळवतात, पण तापमानातल्या फरकातही २७३ मिळवणारे दर वर्षी भेटतात. ३० वरून ५० अंशांवर गेलं तर फरक २० अंश सेल्सिअस, आणि केल्विनमध्येही २०च. २० अंश म्हणजे १० अंशांच्या दुप्पट गरम, हेही चूकच. केल्विनमध्ये ते २९३ आणि २८३ होतात. लोखंडी बाक लाकडी बाकापेक्षा थंड नसतो, तो हाताची उष्णता पटकन ओढून घेतो, एवढंच.

आणि जुलैत माठातलं पाणी गार होत नाही म्हणून कुंभाराला शिव्या घालू नका. खानापुरातून आणलेला माठ एप्रिलमध्ये तोच होता. पाणी झिरपून वाफ झाली तरच माठ गार होतो, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत आणखी वाफ मावायला जागाच कुठं असते?