घरच्या घरी पाईपला आटे पाडताय? आधी डाय नीट लावा

चवथ जवळ आली की आमच्या गावच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या, माळ्यावरून माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायची) चौकट खाली येते आणि बांयवरच्या, म्हणजे विहिरीवरच्या, पंपाचा पाईप कुठेतरी गळायला लागतो. प्लंबर "येतो येतो" म्हणतो आणि दीड दिवसाचा गणपती पोचवून झाल्यावर उगवतो. म्हणून मी रॅचेटवाला डाय सेट (पाईपवर आटे कापायचं हाताचं हत्यार, हँडल पुढे-मागे मारलं तरी एकाच दिशेने फिरणारं) घेतला आणि चार-पाच वर्षं स्वतःच आटे पाडतोय, त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका एवढ्यासाठी लिहितोय.

आधी पाईप बघा. आयएसआय जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाईपवर रंगाचा पट्टा असतो, पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जाड. अर्ध्या इंचाच्या पिवळ्या पाईपची भिंत 2 मिमी, निळ्याची 2.6, लालची 3.2. आता अर्ध्या इंचाचा आटा जवळजवळ 1.16 मिमी खोल जातो, म्हणजे पिवळ्या पाईपला आट्याखाली एक मिमी पण लोखंड उरत नाही, आणि वरचा जस्ताचा थर तर डायने खरवडूनच टाकलेला असतो, त्यात आपल्याकडची खारी हवा. म्हणून पाईप गंजतो तो नेमका आट्यावरच. किनाऱ्याजवळ घर असेल तर निळ्याच्या खाली जाऊच नका, वाचलेले पैसे दोन पावसाळ्यांत परत जातात.

आता डाय. दुकानात सेट उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. आपल्याकडचे सॉकेट-एल्बो बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्याचे, म्हणजे अर्ध्या आणि पाऊण इंचाला इंचात 14 आटे, एक इंचापासून पुढे 11. मी पहिला सेट ऑनलाइन स्वस्तात मागवला, अर्ध्या इंचाला आटे एकदम चकाचक पडायचे, एल्बो पण बसायचा, आणि तरी प्रत्येक जॉइंट पाझरायचा. आठवडाभर टेपवर टेप गुंडाळत बसलो. शेवटी लक्षात आलं की डायवर एनपीटी लिहिलंय, अमेरिकन आटा. अर्ध्या इंचाला त्यातही 14च आटे येतात पण आट्याचा कोन 60 अंश, आपला 55, म्हणून बसल्यासारखा वाटतो आणि गळतो. तेव्हा डायवर बीएसपीटी (बीएसपीचाच उतरता आटा) कोरलेलं आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

हेडमध्ये, म्हणजे हत्याराच्या गोल डोक्यात, दात असलेले चार तुकडे असतात, त्यांवर 1 ते 4 नंबर असतात आणि हेडच्या खाचांवर पण तेच नंबर. एकाचा तुकडा एकातच. हे चारही तुकडे मिळून एकच आटा कापतात, प्रत्येकाचे दात आधीच्यापेक्षा जरासे सरकलेले, त्यामुळे 2 आणि 3 ची अदलाबदल झाली की आटा पडतच नाही, नुसता ओरबाडा निघतो. एक तुकडा तुटला म्हणून दुसऱ्या सेटमधला घालायचा जुगाड पण करू नका, चारही बदला. आणि प्रत्येक तुकड्याच्या एका बाजूचे पहिले दोन-तीन दात उतरते घासलेले असतात, ती बाजू पाईप आत शिरतो तिकडे हवी. बसवायच्या आधी खाचा ब्रशने साफ करा, जुना कीस खाली अडकला तर तो तुकडा वर उचलला जातो.

पाईप काटकोनात कापा, बारीक दाताचं हॅक्सॉ ब्लेड चालतं, इंचात 24 दातांचं. आतली धार गोल कानशीने काढा आणि बाहेरून कडेला हलका उतार द्या. हे पाच मिनिटांचं काम सगळे टाळतात आणि मग डाय पकडत नाही म्हणून डायला शिव्या घालतात. माझ्या मते दहातल्या सात वेळा दोष डायचा नसतोच, पाईपच्या तोंडाचा असतो.

पाईप व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट धरा पण चेपू नका, अंडाकृती झाला तर आटे एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या रेघा. हेड गाईडच्या (पाईप सरळ धरणाऱ्या कडीच्या) बाजूने सरकवा, रॅचेटची खिटी योग्य दिशेला करा, एका हाताने हेडवर जोर देऊन दुसऱ्या हाताने हँडल मारा. दोन आटे पकडले की ढकलायचं बंद, डाय स्वतःच आत ओढत जाते. तेल मात्र सोडत राहा. आटे पाडायचं तेल मिळतं, ते नसेल तर एखाद-दुसऱ्या जॉइंटला खोबरेल पण चालतं, गाडीचं जळकं तेल नको, त्यातून प्यायचं पाणी येणार आहे. हँडल जड झालं तर अंगाचा जोर लावू नका, थोडं उलटं घ्या, कीस पाडा, तेल घाला.

थांबायचं कुठे? पाईपचं तोंड डायच्या बाहेरच्या अंगाला समपातळीत आलं की बस्स. आटा उतरता असतो, पुढे मारत गेलात तर पुढचे आटे सरळ होतात आणि सॉकेट नुसताच फिरत आत जातो, घट्ट होतच नाही. तसं झालंच तर ते टोक कापून टाका, टेपने ते वाचत नाही.

सॉकेट हाताने लावून बघा, साधारण चार फेरे जायला हवेत, बाकीचं पान्याने. पूर्ण हातानेच गेला तर आटे खोल पडलेत, दोन फेऱ्यांतच अडला तर उथळ. ॲडजस्ट होणारं हेड असेल तर खुणेवर केसभर हलवा आणि पाईपच्या कापलेल्या तुकड्यावर परत बघा. आटे फाटके येत असतील तर आधी तेल, मग नंबर, मग दात, या क्रमाने तपासा. नख दातांवरून फिरवलंत की तुटलेला दात लगेच कळतो. आटे तिरपे येतात तेव्हा एकतर काप तिरपा असतो नाहीतर अर्ध्या इंचाला पाऊण इंचाचा गाईड लागलेला असतो (मी केलंय, हसू नका).

जोडताना टेप आटे घट्ट होतात त्याच दिशेने गुंडाळा, किंवा सूत आणि सफेदा (त्यावर लावायचा पांढरा लेप), मला अजून सूतच आवडतं. बाहेर राहिलेल्या दोन-तीन आट्यांवर झिंकचा रंग मारा. पंप चालू करून जॉइंटखाली जुना पेपर पसरा आणि झोपायला जा, सकाळी पेपरवर गोल डाग दिसला तर परत उघडा.