सगळे वॉल एकदम उघडू नका: व्हिजन लिहायची आणि रोल सांभाळायची माझी पद्धत

मी भुसावळला राहतो, नोकरी जळगावला, म्हणजे रोजचं अपडाऊन आलंच, आणि रावेर तालुक्यात गावाकडं दादासोबत निम्म्या वाट्याची केळी आहे. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी मी गावाहून रात्री साडेनऊला घरी पोचलो, पोरगी झोपलेली, आणि बायको ताट वाढता वाढता शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही घरी राहता का नुसते मुक्कामाला येता?" भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी गाडीत बसून मोबाईलवर व्हिजन, म्हणजे पुढं आपल्याला कसं जगायचंय ते, कसं लिहायचं ते शोधलं तर सगळीकडं एकच, डोळे मिटा आणि दहा वर्षांनंतर तुम्ही कसे असाल ते बघा. मी डोळे मिटले आणि झोप लागली, जळगावला उतरायचंच राहिलं असतं.

शेवटी जे जमलं ते सांगतो, तुमच्या कामाला आलं तर बघा.

आधी एक साधी वही घ्या. मी एक्सेल शीट करून बघितली होती, रंगबिंग भरण्यातच दोन रविवार गेले. वहीत तुमचे सगळे रोल लिहा, आणि रोल म्हणजे पदवी किंवा हुद्दा नाही, ज्याच्यामुळे कुणीतरी तुमची वाट बघतं तो रोल. नवरा, बाप, मुलगा, भाऊ, नोकरदार, शेतकरी, गणपती मंडळाचा खजिनदार, भाच्याच्या अॅडमिशनसाठी धावणारा मामा, असे माझे अकरा निघाले. शेवटी बायकोने विचारलं, "यात तुम्ही स्वतः कुठं आहात?" मग बारावा लिहिला, शुगर बॉर्डरवर असलेला माणूस. तिलाही तिची यादी करायला लावली, ती चौदावर गेली, त्यात एक होता 'ह्यांच्या आईच्या गोळ्यांचा हिशोब ठेवणारी', जो मला चार वर्षांत माहीतच नव्हता. म्हणून यादी एकट्याने करू नका, घरात बसून दोघांनी करा.

मग तासांचा हिशोब. आठवड्याचे 168 तास. रोज सात तास झोप धरली तर 49 गेले, सहा दिवस नऊ-नऊ तास ड्युटी म्हणजे 54, स्टेशनवर गाडीची वाट बघण्यासकट अपडाऊन रोजचं अडीच तास म्हणजे 15, आंघोळ-जेवण-बाजाराचे रोज दोन धरले तर 14. उरले 36. बारा रोल, 36 तास, सरळ भागाकार केला तर रोलमागे तीन तास येतात, आणि बॅलन्स म्हणजे हाच भागाकार असं मला बरेच दिवस वाटत होतं.

दादाला हे सांगितलं तर तो हसला. आम्ही मोटारीपाशी उभे होतो, लाईट यायची वाट बघत. आमच्याकडं शेतीची लाईट आठ तास, कधी दिवसा कधी रात्री, आणि तेवढ्यात ठिबकवर सगळी बाग भिजवायची असते. प्रत्येक पट्टीच्या पाइपाला वेगळा वॉल, म्हणजे पाणी सोडायची-बंद करायची चावी. दादा म्हणे, "सगळे वॉल एकदम खोलशीन तं शेवटच्या ओळीले थेंब जाणार नही, प्रेशरच बसतं ना भो." म्हणून तो एक वॉल उघडतो, ती पट्टी नीट भिजू देतो, मग तो बंद करून पुढचा. आणि निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या बागेला आधी पाणी, कोवळ्या लागवडीला तिच्या गरजेपुरतं, पण कुठल्याच पट्टीला दहा दिवस विसरायचं नाही, नाहीतर उन्हाळ्यात ती पट्टी गेलीच समजा.

मी वहीत तेच केलं. प्रत्येक रोलसमोर महिने लिहिले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांदेबागेची, म्हणजे त्या हंगामातल्या केळीची लागवड असते तेव्हा शेतकरी पुढं, फेब्रुवारी-मार्चला पोरीची परीक्षा तेव्हा बाप पुढं आणि गावाकडं महिन्यातून एकच चक्कर, हे दादाला आधीच सांगून टाकायचं. मागं ठेवलेल्या रोललाही आठवड्याला काहीतरी ठरलेलं हवं, आईसाठी माझं बुधवारी रात्रीचं अर्धा तास गच्चीवर बसणं आहे, बाकी आठवडा कसाही जावो.

आता व्हिजन. प्रत्येक रोलसमोर एकच ओळ लिहा, दहा वर्षांनी समोरच्या माणसाने तुमच्याबद्दल काय म्हणावं ती, आणि त्याच्याच तोंडच्या भाषेत. 'आदर्श पिता' असलं लिहिलं तर खोडा. मी पोरीसमोर लिहिलं, "पप्पांना माझ्या मैत्रिणींची नावं माहीत होती." दादासमोर, "कर्ज मला एकट्याला फेडावं लागलं नाही." स्वतःसमोर, "पन्नाशीत इन्सुलिन लागलं नाही." सगळ्या ओळी झाल्या की सलग वाचा, दोन-तीन गोष्टी परत परत दिसतील, माझ्यात 'सोबत' आणि 'कर्ज नको' या दिसल्या, त्यावरून चार-पाच वाक्यांचा परिच्छेद करा. तो बायकोसमोर मोठ्यानं वाचा. माझा पहिला परिच्छेद वाचताना ती हसली, तेव्हाच कळलं की भाषण झालंय, परत लिहिला.

नाही म्हणणं मात्र अवघड जातं. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटत राहतात, ती वेळेवर कापली नाहीत तर घड बारीक राहतो हे आम्हाला शेतात कळतं, पण मंडळाचे लोक दारात आले की मी परत हो म्हणतो. त्यावर एक वाक्य पाठ करून ठेवलंय, "यंदा नाही भाऊ, आखाजीनंतर सांगतो." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. चिडत कुणी नाही, फार तर दोनदा परत येतात. पण घरात कुणी आजारी असेल, अंथरुणाला खिळलेलं असेल, तर हे वॉलचं गणित चालत नाही, तिथं बहिणीला, भावाला, शेजाऱ्याला सरळ मदत मागा, वही बाजूला राहू द्या.

वर्षाचा रिव्ह्यू मी एक जानेवारीला करत नाही, आखाजीला करतो. आमच्याकडं सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल त्याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं, बहीणही माहेरी आलेली असते, घागर भरून, पुरणपोळी आणि आमरस खाऊन सगळे ओट्यावर आडवे होतात. यंदा तेव्हा वही काढली. खजिनदारावर काट मारली, हिशोबाची वही आणि पावतीपुस्तकं पिशवीत घालून मंडळाच्या नव्या पोराला देऊन आलो, त्यात तीनशे रुपये कमी निघाले ते खिशातून भरले. आणि मैत्रिणींची नावं, पोरीला विचारलं तेव्हा माझी पाचातली दोनच बरोबर आली.