एफएम सिंथेसिस शिकताना: दोन ऑपरेटरांपासून सुरुवात

नाशिकमध्ये ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात किंवा लग्नाच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवणाऱ्या बहुतेकांचा आवाजाशी संबंध टोनपुरता असतो. टोन पेनड्राइव्हवर मिळतो, कीबोर्डात भरला जातो आणि वाजवला जातो. तो आतून कसा घडला आहे याची चौकशी करायला सहसा सवड नसते. राज्य नाट्य स्पर्धेतल्या आणि हौशी संस्थांच्या नाटकांना मी पार्श्वसंगीत करू लागले, तेव्हा तयार टोनवर भागेनासे झाले. दिग्दर्शकाला घंटा हवी असते, पण ती प्रसंगाच्या ओघात हळूहळू काचेसारखी होत गेलेली हवी असते, आणि असा आवाज कोणाच्याच पेनड्राइव्हवर नसतो. या गरजेपोटी एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) सिंथेसिसचा, म्हणजे एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून आवाज घडवण्याच्या तंत्राचा, अभ्यास सुरू झाला. सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर या दोन्ही बाजूंनी तो करताना जे हाती लागले, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी येथे मांडत आहे.

मूळ कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांची. १९६७ मध्ये संगणकावर व्हायब्रॅटोचे, म्हणजे स्वराच्या आंदोलनाचे, प्रयोग करताना त्यांनी आंदोलनाचा वेग आणि खोली वाढवत नेली. आंदोलन सेकंदाला पाचसहा वेळा असते तोवर कान स्वराचे हलणे ऐकतो. तेच शेकडो वेळा होऊ लागले की हलणे जाणवेनासे होते आणि त्या जागी वेगळ्याच पोताचा स्थिर आवाज ऐकू येतो. या शोधावरचा त्यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, यामाहा कंपनीने विद्यापीठाकडून परवाना घेतला, आणि १९८३ मध्ये आलेल्या डीएक्स७ या कीबोर्डाने हे तंत्र जगभर पोहोचवले. जाणकार लगेच दुरुस्ती सुचवतील की डीएक्स७ मध्ये वारंवारता नव्हे तर फेज, म्हणजे लहरीची तिच्या चक्रातली स्थिती, बदलली जाते. ते बरोबर आहे, परंतु नवशिक्याच्या कानाला त्याने काही फरक पडत नाही.

ज्या लहरीचा आवाज आपल्याला ऐकू येतो ती कॅरिअर, आणि जी स्वतः ऐकू न येता तिला हलवते ती मॉड्युलेटर. दोघींनाही ऑपरेटर म्हणतात आणि बहुतेक यंत्रांत दोन्ही साध्या साइन लहरी असतात. कॅरिअर कितीही साधी असली तरी मॉड्युलेटरने हलवल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना, मॉड्युलेटरच्या वारंवारतेइतक्या अंतरावर, नवे स्वर उगवत जातात. कॅरिअर २०० हर्ट्झ आणि मॉड्युलेटर २८० हर्ट्झ असेल तर वरच्या बाजूला ४८०, ७६०, १०४० असे स्वर मिळतात. खालच्या बाजूला वजाबाकी शून्याच्या पलीकडे जाते, तेव्हा ते स्वर उलट्या फेजने परत वर येतात आणि ८०, ३६०, ६४० असे ऐकू येतात. हे स्वर कोठे उगवतील हे दोन ऑपरेटरांच्या गुणोत्तरावर ठरते. ते किती आणि केवढे उगवतील हे मॉड्युलेशनच्या खोलीवर, म्हणजे इंडेक्सवर ठरते. एफएमचे बाकीचे शास्त्र या दोन गोष्टींच्या पोटात आहे.

सुरुवात सॉफ्टवेअरने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. डेक्स्ड हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर डीएक्स७ ची रचना जशीच्या तशी समोर मांडते: सहा ऑपरेटर, ३२ अल्गोरिदम (ऑपरेटर एकमेकांना जोडण्याच्या रचना), आणि मूळ कीबोर्डावर एका वेळी एकच आकडा दाखवणाऱ्या बारीक पडद्यामागे दडलेली सर्व मूल्ये एकाच नजरेत. साधा लॅपटॉप आणि हेडफोन पुरतो. विंडोजवर पट्टी दाबल्यानंतर आवाज उशिरा येत असेल तर हा विलंब कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर घालावा. व्हॉक्सेंगो कंपनीचे स्पॅन हे मोफत, आवाजातले स्वर रेषांनी म्हणजे स्पेक्ट्रममध्ये दाखवणारे प्लगइनही शेजारी उघडून ठेवावे, कारण एफएममध्ये कान आणि डोळा यांनी एकमेकांना साक्ष दिली की शिकणे फार लवकर होते.

डेक्स्डमध्ये आवाज इनिट करावा, म्हणजे कोऱ्या मूल्यांवर आणावा. आता पहिल्या अल्गोरिदममध्ये फक्त पहिला ऑपरेटर वाजतो आणि त्याचा आवाज शिट्टीसारखा सपाट असतो. दुसऱ्या ऑपरेटरचा आउटपुट लेव्हल शून्यापासून हळूहळू वर न्यावा. पहिल्या तीसचाळीस आकड्यांत जवळजवळ काहीच घडत नाही, आणि काही बिघडले आहे असे वाटून पुष्कळ जण येथेच थांबतात. हा लेव्हल सरळ मापाचा नाही. साधारण दर आठ आकड्यांना मॉड्युलेशनची खोली दुप्पट होते. त्यामुळे सगळी गंमत पन्नाशीच्या पुढे आहे, आणि नव्वदीनंतर आवाज करवतीसारखा कापू लागतो. दोन्ही ऑपरेटर १ वर असताना सर्व हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पूर्णांक पटीतले उपस्वर, येतात आणि आवाज पितळी वाद्यांकडे झुकतो. मॉड्युलेटर २ वर नेला की फक्त विषम हार्मोनिक उरतात आणि आवाज क्लॅरिनेटसारखा पोकळ होतो. गुणोत्तर पूर्णांकांचे असेल तर सूर कायम राहतो. पूर्णांक सोडले की आवाज धातूकडे सरकतो.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ घंटेइतका दुसऱ्या कशातूनही नीट कळत नाही. नाशिककराला घंटा म्हटली की गोदाकाठची नारोशंकराची घंटाच आठवते. तेवढ्या मोठ्या ओतीव घंटेचा आवाज करायचा असेल तर पाचवा अल्गोरिदम घ्यावा, कारण त्यात कॅरिअर आणि मॉड्युलेटर यांच्या तीन स्वतंत्र जोड्या आहेत. पहिल्या जोडीत कॅरिअर १.०० आणि मॉड्युलेटर १.४० ठेवावा, चाउनिंग यांनी आपल्या निबंधात घंटेसाठी हेच गुणोत्तर वापरले होते. खालची पट्टी दाबून मॉड्युलेटर वाढवत जावे आणि स्पॅनमध्ये कॅरिअरच्या रेषेकडे पाहावे. ती वाढत नाही, उलट उतरते, एका जागी पूर्ण नाहीशी होते आणि नंतर परत उगवते. इंडेक्स सुमारे २.४ झाला की कॅरिअरची ताकद शून्य होते, हे बेसेल फलनांच्या गणितातून निघते. गणित येत नसले तरी ते डोळ्यांना दिसते. फिल्टर उघडल्यावर आवाज एकाच दिशेने उजळत जातो, तसे एफएममध्ये होत नाही. येथे प्रत्येक स्वर आपापल्या गतीने चढतो आणि उतरतो, आणि एफएमच्या आवाजात जो जिवंतपणा वाटतो त्याचे मुख्य कारण हेच आहे.

आता ठोक्याचा विचार करावा. खऱ्या घंटेत टोल पडताच वरचे स्वर कर्कशपणे उसळतात आणि लवकर विरतात. खालचा घुमारा मात्र बराच वेळ रेंगाळतो. म्हणून मॉड्युलेटरचा एन्व्हलप, म्हणजे पट्टी दाबल्यापासून त्याचा चढउताराचा आलेख, कॅरिअरच्या एन्व्हलपपेक्षा लवकर उतरायला हवा. डीएक्स७ च्या एन्व्हलपमध्ये चार रेट आणि चार लेव्हल असतात. रेट हा वेळ नसून वेग आहे, त्यामुळे ९९ म्हणजे तात्काळ आणि लहान आकडा म्हणजे संथ. दोन्ही ऑपरेटरांचा पहिला रेट ९९ ठेवून दुसरा रेट कॅरिअरसाठी लहान आणि मॉड्युलेटरसाठी त्याहून थोडा मोठा द्यावा. दुसऱ्या जोडीचा कॅरिअर ०.५० वर, अगदी थोड्या मॉड्युलेशनसह आणि आणखी संथ उताराचा ठेवला की टोलाखालचा घुमारा मिळतो. तिसऱ्या जोडीच्या कॅरिअरला पहिल्याच्याच वारंवारतेवर ठेवून डीट्यून, म्हणजे सुराचा बारीक फरक, किंचित हलवले की घुमाऱ्याला हेलकावे येतात. ओतकामात घंटा तंतोतंत गोल उतरत नाही, म्हणून खऱ्या घंटेतही असे हेलकावे असतात. कान तयार करण्यासाठी भांडी बाजारात जाऊन काशाच्या थाळीवर आणि पितळी घंगाळावर टिचकी मारून ऐकण्यासारखा दुसरा फुकटचा वर्ग नाही. दुकानदार वैतागतो, पण गिऱ्हाईक भांडे वाजवून घेतेच, ही सवय त्यालाही ठाऊक असते.

ढोलताशा आणि तबला यांतील फरकही याच मार्गाने समजतो. ताणलेल्या साध्या कातड्याचे उपस्वर पूर्णांकांच्या पटीत नसतात, म्हणून ताशातून सूर निघत नाही, तडतडाट निघतो. तबल्याच्या शाईमुळे मात्र उपस्वर जवळजवळ पूर्णांकांच्या पटीत येतात, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच हे दाखवून दिले होते. एफएमच्या भाषेत सांगायचे तर दायाँसाठी गुणोत्तर १ आणि १ किंवा १ आणि २ असे पूर्णांकांचे ठेवावे आणि मॉड्युलेटरला अगदी क्षणात उतरणारा एन्व्हलप द्यावा. ताशासाठी गुणोत्तर मुद्दाम मोडावे आणि इंडेक्स वर न्यावा. असा तबला खऱ्यासारखा वाजणार नाही, आणि त्याने तसे वाजावे अशी अपेक्षाही करू नये. त्यासाठी सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्यांची ध्वनिमुद्रणे, आहेत. एफएमचा उपयोग तबला आणि घंटा यांच्या मधल्या, कोणत्याही वाद्याच्या नसलेल्या जागी आहे.

डीएक्स७ चा प्रसिद्ध इलेक्ट्रिक पियानो डेक्स्डमध्ये उघडून एकेक ऑपरेटर बंद करत ऐकावा. त्यातही पाचवाच अल्गोरिदम आहे. एका जोडीचा मॉड्युलेटर चक्क १४ च्या गुणोत्तरावर असून पट्टी दाबताना येणारी बारीक धातूची टिणक तेवढ्यापुरती तोच देतो. पट्टी हळू दाबली तर टिणक जवळजवळ नाही आणि जोरात दाबली तर स्पष्ट, कारण व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी दाबण्याचा जोर, मॉड्युलेटरच्या लेव्हलला जोडलेली आहे. हे ऐकल्यानंतर व्हेलॉसिटी नसलेल्या कीबोर्डावर एफएम शिकण्याचा आग्रह राहत नाही.

सॉफ्टवेअरच्या बाजूने एक सावधगिरी सांगायला हवी. वरच्या पट्ट्यांवर मोठे गुणोत्तर वापरले तर नवे स्वर डिजिटल ध्वनीच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे सॅम्पल रेटच्या (सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांच्या) निम्म्याच्या वर, जातात. ४४,१०० च्या सॅम्पल रेटवर १,००० हर्ट्झचा स्वर आणि १४,००० हर्ट्झचा मॉड्युलेटर असेल तर १५,००० हर्ट्झचा स्वर योग्य जागी येतो. परंतु पुढचा २९,००० चा स्वर दुमडून १५,१०० वर उतरतो आणि शेजारच्या १५,००० शी घासतो. वरच्या सप्तकात आवाज अकारण मळकट वाटला तर कारण बहुधा हेच असते, आणि कीबोर्डाच्या वरच्या बाजूला मॉड्युलेटरचा लेव्हल आपोआप उतरवणारे लेव्हल स्केलिंग हा त्यावरचा उपाय आहे.

हार्डवेअर घ्यायचे असेल तर आपल्याला कोणती अडचण सोडवायची आहे, हे आधी ठरवावे. जुना डीएक्स७ मुंबईत कधीमधी विक्रीला निघतो आणि त्याच्या पट्ट्या आजही उत्तम लागतात. परंतु आतील सीआर२०३२ बॅटरी बोर्डावर डाखलेली असते, ती संपली की साठवलेले ३२ आवाज पुसले जातात, आणि बदलण्यासाठी हात बसलेला कारागीर लागतो. यामाहाचा रीफेस डीएक्स २०१५ मध्ये आला. त्यात चार ऑपरेटर, १२ अल्गोरिदम आणि ३७ लहान पट्ट्या आहेत. प्रत्येक ऑपरेटरला फीडबॅक, म्हणजे स्वतःलाच हलवण्याची सोय, असल्यामुळे चारातही पुष्कळ काम होते. तो सहा पेन्सिल सेलवर चालतो, ही सोय वीज गेलेल्या संध्याकाळी लाखमोलाची ठरते. कोर्गचा व्होल्का एफएम स्वस्त आहे आणि डीएक्स७ चे आवाज वाचतो. मात्र त्याच्या पहिल्या आवृत्तीत एका वेळी तीनच स्वर वाजतात आणि बाहेरून जोडलेल्या कीबोर्डाची व्हेलॉसिटी सरळ पोहोचत नाही, म्हणजे वर सांगितलेली टिणक येथे हरवते. दुसऱ्या आवृत्तीत या दोन्ही उणिवा दूर केल्या आहेत. कोर्ग ऑप्सिक्स आणि एलेक्ट्रॉन डिजिटोन ही यंत्रे चांगली आहेत, परंतु पहिल्या खरेदीसाठी मी ती सुचवणार नाही.

हार्डवेअरचा खरा लाभ हाताला होतो. डेक्स्डमध्ये माउसने एका वेळी एकच मूल्य हलते. काही यंत्रांवर दोन मॉड्युलेटर दोन हातांनी एकाच वेळी फिरवता येतात, आणि नाटकाच्या तालमीत नटाच्या वाक्याबरोबर आवाज घडवताना हे फार उपयोगी पडते.

सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेले आवाज डीएक्स७ वर पाठवायचे असतील तर ३२ आवाजांचा गठ्ठा ४,१०४ बाइटांचा होतो. स्वस्त यूएसबी मिडी केबल एवढा लांब संदेश अनेकदा मध्येच तोडते. माझ्याकडच्या एका केबलमधून स्वर बिनचूक जात, पण गठ्ठा एकदाही अखंड पोहोचला नाही. प्राप्त फाइलचा आकार तपासावा आणि एक बाइट जरी कमी भरला तर केबल बदलावी.

उत्पन्नाविषयी विचारणा होते म्हणून लिहिते. केवळ एफएम येते म्हणून नाशिकमध्ये कोणी काम देणार नाही. नाटके, लघुपट, स्थानिक जाहिराती यांच्या पार्श्वसंगीतात मात्र दिग्दर्शकाने सांगितलेला आवाज बैठकीतच घडवून ऐकवता आला तर पुढचे काम मिळण्याची शक्यता वाढते, आणि त्यासाठी आवाजांच्या हजारो फाइली जमवण्यापेक्षा दोन ऑपरेटर पक्के असणे अधिक कामाला येते. ते पक्के झाले की फीडबॅककडे वळावे. डेक्स्डमध्ये पहिल्या अल्गोरिदमचा सहावा ऑपरेटर स्वतःलाच हलवतो. त्याच्या खालचे पाच, चार आणि तीन हे ऑपरेटर एकेक करून जोडत गेल्यास चार मजली साखळीचा आवाज कोठपर्यंत हाताळता येतो आणि कोठून नुसता गोंगाट होतो, हे सहज ऐकून घेता येते.