अमेरिकेत बंदूक विकत घेताना: आपली नोंद कोणाकडे जाते, किती काळ राहते आणि आपण काय करावे

महाराष्ट्रात शस्त्र परवाना घेतलेल्या माणसाचे नाव आधी सरकारी दप्तरात चढते आणि शस्त्र नंतर हाती येते. परवान्यावर शस्त्राचा क्रमांक असतो, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून शस्त्र जमा करण्याचा निरोपही येऊ शकतो. ही सवय घेऊन अमेरिकेत स्थायिक झालेला मराठी माणूस एक तर असे धरून चालतो की इथेही सगळी यादी सरकारकडे आहे, नाही तर कुणाकडून तरी ऐकतो की इथे काहीच नोंद होत नाही. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि खरेदीपूर्वीच ते दूर झालेले बरे. १९८६ च्या फेडरल कायद्याने बंदुका, त्यांचे मालक किंवा त्यांचे व्यवहार यांची केंद्रीय नोंदणी उभारण्यास मनाई केली आहे. मात्र परवानाधारक दुकानातल्या प्रत्येक विक्रीचा कागद तयार होतो आणि तो जपला जातो.

सर्वांत आधी आपण पात्र आहोत का, हे तपासावे. ग्रीन कार्डधारकाला खरेदी करता येते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला मात्र सर्वसाधारणपणे बंदूक घेण्यास आणि बाळगण्यासही बंदी आहे. चालू मुदतीचा शिकारीचा परवाना असणे यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. या बाबतीत मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. शंका असेल तर वकिलाला विचारावे, कारण अर्जावर जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती हा गंभीर फेडरल गुन्हा आहे आणि त्यातून इमिग्रेशनचे प्रकरणही बिघडू शकते.

दुकानात जो अर्ज भरावा लागतो, तो फॉर्म ४४७३. त्यात नाव, राहता पत्ता, जन्मस्थान, जन्मतारीख, वंश आणि नागरिकत्व विचारले जाते. पत्ता म्हणून टपालपेटी चालत नाही. मराठी माणसाची अडचण बहुधा नावापाशी होते. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव पासपोर्टवर एका जागी, ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसऱ्या जागी आणि ग्रीन कार्डवर नुसत्या आद्याक्षरात असते. अर्जात पूर्ण मधले नाव अपेक्षित असते. मधले नाव नसेलच तर तसे दर्शवणारी ‘एनएमएन’ ही अक्षरे लिहायची असतात. म्हणून घरून निघण्यापूर्वी सर्व ओळखपत्रे शेजारी शेजारी ठेवून नाव आणि पत्ता जुळवून पाहावा. सोशल सिक्युरिटी क्रमांक देणे ऐच्छिक आहे. तो दिल्याने सारख्या नावाच्या दुसऱ्या कुणाशी आपली गल्लत होण्याची शक्यता कमी होते. पण तो कागद दुकानात वर्षानुवर्षे राहणार आहे हे लक्षात घेऊनच तो द्यायचा की नाही हे ठरवावे. परक्या दुकानाच्या कपाटात तो क्रमांक पडून राहणे मला स्वतःला योग्य वाटत नाही.

अर्ज भरल्यावर दुकानदार खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयच्या ‘निक्स’ यंत्रणेकडे चौकशी करतो. ही यंत्रणा नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली. खरेदीला मंजुरी मिळाली, तर खरेदीदाराची ओळख पटवणारी माहिती या यंत्रणेतून २४ तासांच्या आत नष्ट करावी लागते. मंजुरी नाकारली गेली, तर ती माहिती राहते. काही राज्यांत ही तपासणी राज्य सरकारच करते आणि तिथे माहिती जपण्याचे नियम निराळे असतात. नकार चुकीचा वाटत असेल तर कारण विचारून त्याला आव्हान देता येते. नामसाधर्म्यामुळे दरवेळी विलंब होत असेल, तर एफबीआयकडे स्वेच्छेने आपली माहिती जपून ठेवण्याचा अर्ज करून एक खास ओळख क्रमांक घेता येतो आणि पुढच्या खरेदीच्या वेळी तो फॉर्मवर लिहिता येतो. थोडी अधिक माहिती सरकारला देऊन वारंवारचा खोळंबा टाळण्याचा हा सौदा आहे. ज्याला खरोखर त्रास होत असेल त्यानेच तो करावा.

एफबीआयने माहिती पुसली तरी फॉर्म ४४७३ दुकानातच राहतो. पूर्वी तो २० वर्षे जपणे बंधनकारक होते. ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या नियमाने ती मुदत काढून टाकली आणि धंदा चालू असेपर्यंत कागद जपण्याचे बंधन घातले. धंदा कायमचा बंद झाला, की सगळे कागद एटीएफच्या, म्हणजे बंदुकांच्या धंद्यावर देखरेख करणाऱ्या फेडरल खात्याच्या, वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्गच्या केंद्राकडे जातात. तिथे पानांच्या छायाप्रती काढल्या जातात, परंतु खरेदीदाराच्या नावावरून शोध घेता येणार नाही अशा रीतीने त्या साठवल्या जातात. गुन्ह्याच्या जागी पिस्तूल सापडले, की पोलीस त्यावरचा सिरियल नंबर या केंद्राला कळवतात. केंद्र उत्पादकाला विचारते, उत्पादक घाऊक विक्रेत्याकडे बोट दाखवतो, तो दुकानदाराकडे, आणि दुकानदाराला २४ तासांच्या आत नोंदवही पाहून पहिल्या खरेदीदाराचे नाव सांगावे लागते. खुनाचा तपास या साखळीवर उभा राहतो, म्हणून तिचे मोल मी मानतो. तरीही कोट्यवधी पाने एका छताखाली जमत असताना, ती यादी बनण्यापासून केवळ शोधाची एक सोय दूर आहे, ही बंदूकमालकांची शंका मला निराधार वाटत नाही.

पाच लागोपाठच्या कामकाजाच्या दिवसांत एकाच दुकानातून दोन किंवा अधिक हँडगन घेतल्या, तर दुकानदाराला त्याचा वेगळा अहवाल एटीएफकडे आणि राज्य किंवा स्थानिक पोलिसांकडे पाठवावा लागतो. नवरा-बायकोसाठी एकदम दोन घेताना हे माहीत असावे. मात्र एकाच्या नावावर दुसऱ्यासाठी खरेदी करू नये. ज्याचे पैसे आणि ज्याची बंदूक, त्यानेच स्वतः अर्ज भरावा.

खरा फरक पडतो तो राज्याराज्यांत. हवाई आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये बंदुकांची नोंदणी सक्तीची आहे. कॅलिफोर्नियात विक्रीची नोंद राज्याच्या न्याय विभागाकडे जाते. फ्लोरिडात उलट अशी यादी ठेवण्यासच कायद्याने मनाई आहे. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्निया न्याय विभागाच्या संकेतस्थळावरून शस्त्र परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १ लाख ९२ हजार लोकांची माहिती उघडी पडली. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका दैनिकाने दोन काउंटींतल्या पिस्तूल परवानाधारकांची नावे आणि पत्ते नकाशावर छापले होते. त्यानंतर २०१३ च्या कायद्याने तिथल्या परवानाधारकांना ठरावीक कारणे देऊन आपले नाव गोपनीय ठेवण्याची मागणी करता येऊ लागली. आपल्या राज्यात अशी सोय असेल, तर तो अर्ज परवान्याच्या अर्जाबरोबरच द्यावा.

जी नोंद सरकारकडे सहज शोधण्याजोगी नाही, ती आपल्याकडे असलीच पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका घरी चोरी झाली, तेव्हा पोलिसांनी पहिला प्रश्न सिरियल नंबरचा विचारला, आणि ते दांपत्य दुकानाची पावती दोन दिवस शोधत राहिले. बनवणारी कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, दुकानाचे नाव आणि खरेदीची तारीख एका कागदावर लिहावी, सिरियल नंबरचा स्पष्ट फोटो काढावा, आणि तो सोशल मीडियावर किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. पुढे बंदूक विकायची झाल्यास शक्यतो परवानाधारक दुकानदारामार्फतच विकावी. राज्याचा कायदा खासगी विक्रीस परवानगी देत असेल आणि तशी विक्री केली, तर दोघांच्या सह्यांची पावती करून घ्यावी, कारण वर सांगितलेली साखळी आपल्या नावापाशी येऊन थांबते आणि बंदूक पुढे कुणाला दिली हे दाखवण्यासाठी आपल्या हाती तोच कागद असतो. ही पावती आणि सिरियल नंबरचा कागद बंदुकीच्या तिजोरीत न ठेवता बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरातल्या दुसऱ्या कुलूपबंद जागी ठेवावा.