पावसातल्या सायकलप्रवासाला बॅग कोणती?
जुलैत ताम्हिणी घाट उतरून माणगावला पोचले, तेव्हा पॅनियरमधली, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला अडकवायच्या बॅगेतली, स्लीपिंग बॅग अक्षरशः पिळावी लागली. कापडावरून पाणी ओघळत होतं, पण शिवणीच्या टाक्यांतून आणि चेनमधून आत शिरलं. म्हणून दुकानात आधी बॅग उलटी करून जोड बघा. वॉटरप्रूफ बॅगेचे जोड उष्णतेने चिकटवलेले असतात. तोंडाला बहुधा चेन नसते. ते किमान ३ वेळा घट्ट गुंडाळून बकल लावायचं. कोकणातल्या पावसाला हीच घ्या. मात्र ओले कपडे तिच्यात कोंडू नका, कुबट वास येतो. ते बाहेर जाळीच्या पिशवीत बांधा.

हिवाळ्यात, दवापुरती, खिसेवाली वॉटर-रिपेलंट बॅग (कापडावरून पाणी ओघळतं, पण शिवणीतून आत शिरू शकतं अशी) मला जास्त आवडते. सामान पटकन हाताशी येतं. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालाच, कारण बॅगेवर चढवलेलं रेनकव्हर उतारावर वाऱ्याने निघू शकतं.