मृगाआधी सदाफुलीचं बी टाका, पाण्याचा हात मात्र आखडता ठेवा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो, गुलाब करपतो, आणि भिंतीकडेची सदाफुली खुशाल फुललेली असते. मूळची मादागास्करची ही बारमाही वनस्पती आपल्या उन्हाला बधत नाही. आपल्याकडे ती मरते पावसाळ्यात. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं कुजतात, बुंधा काळा पडतो आणि माती ओली असूनही झाड मान टाकतं. पाहणाऱ्याला वाटतं तहान लागली; तो आणखी एक बादली ओततो. झाड तिथेच संपतं.

म्हणून आधी जागा. वीतभर उंच गादीवाफा करा. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घ्या. दिवसभर ऊन हवं, सावलीत नुसता पाला वाढतो. युरियाचंही तेच. केळीच्या ठिबकवर परसबाग जोडली असेल तर सदाफुलीपाशचा ड्रिपर बंदच करा. केळीची तहान वेगळी, हिची वेगळी.

बी घरचंच चालतं. शेंगा जोडीने लागतात. हिरव्याच्या पिवळसर झाल्या की लगेच खुडून कागदी पुडीत ठेवा. उद्यावर टाकलं तर शेंग उकलून बी मातीत सांडलेलं असतं. पेरणी आत्ता, मृगाच्या तोंडावर. बी अर्धा सेंटिमीटर मातीखाली जाऊ द्या आणि वर ओलं गोणपाट टाका, कारण अंधारात उगवण चांगली होते. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसले की गोणपाट त्याच दिवशी काढा, नाहीतर रोपं पांढरी, लांबुडकी होतात. पाच-सहा आठवड्यांनी, उघडीप बघून, 45 बाय 30 सेंटिमीटरवर लावा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फुटवे वाढतात.

नर्सरीतल्या संकरित रंगांचं बी धरू नका, रंग हुकतो. त्यांची छाटं लावा: जून न झालेला 8-10 सेंटिमीटरचा शेंडा पेराखाली कापायचा, फुलं आणि खालची पानं काढायची, वरची दोन-तीन ठेवायची, वाळूमिश्रित मातीत सावलीला खोचायचा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. जुलै-ऑगस्टची दमट हवा याला उत्तम.

फुलं हिरवी पडून पानं बारीक गुच्छासारखी झाली, तर औषध शोधत बसू नका. हा तुडतुड्यांनी पसरणारा रोग आहे. झाड उपटून जाळा.

पाला कडू म्हणून शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, बांधावर हा फायदाच. पण कापलेला पाला वैरणीत जाऊ देऊ नका, तो विषारी आहे. आणि साखरेवर म्हणून पानं चघळणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नये. याच झाडापासून विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही कर्करोगावरची जहाल औषधं काढतात.