खटाव-माणच्या शिवारात दिवसभर पक्षी कसे बघावेत

पक्षी बघायचे म्हणजे तलावच गाठायचा, असं बहुतेकांना वाटतं. येरळवाडी आणि मायणीच्या तलावांचं नाव मोठं आहे, ते रास्तही आहे. पण दिवाळीच्या आगेमागे सातारा जिल्ह्याच्या या पूर्व भागातलं साधं शिवारसुद्धा दिवसभर पुरून उरतं. फक्त पक्ष्यांमागं धावू नका. शेतात काम कुठं चाललंय ते हेरा, पक्षी तिथंच सापडतात.

दिवस निवडा. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. बाजरी निघालेली असते, शाळू वर येत असतो आणि उत्तरेकडचे पाहुणे उतरलेले असतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्ली (जन्म ५ नोव्हेंबर १९३२) आणि सालिम अली (१२ नोव्हेंबर १८९६) यांच्या जन्मदिवसांमधला आठवडा.

सामान थोडंच घ्या. ८ × ४२ची दुर्बीण पुरे. आठ म्हणजे किती पट जवळ दिसतं ते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीच्या दुर्बिणीत हात जरा हलला तरी चित्र थरथरतं. मातकट कपडे, टोपी, पाणी, वही आणि पेन्सिल.

साडेसहाला पाणंदीवर हजर राहा. ऊन पाठीवर घेऊन पश्चिमेकडं चाला, नाहीतर पक्ष्याचा रंगच कळत नाही. बांधावर पाय ठेवण्याआधी "रामराम आण्णा, जरा पाखरं बघतोय, येऊ का रानात?" एवढं विचारा. बहुतेक वेळा होकार येतो आणि वर पिंगळा कुठल्या बाभळीच्या ढोलीत बसतो तेही कळतं. ही माहिती कुठल्याच ॲपमध्ये नसते.

मग नांगरट शोधा. हरभऱ्यासाठी रान तयार करणारा ट्रॅक्टर दिसला की त्याच्यापासून थोडं लांब, बांधावर बसून राहा. फाळानं ढेकूळ उलटलं की किडे उघडे पडतात. गायबगळे ट्रॅक्टरच्या अगदी चाकाशी, कोतवाल वरून झेप घेणारे, आणि धोबी ओल्या सरीतून शेपटी खालीवर करत तुरुतुरु पळणारे. धोब्याचा रंग बघायची घाई नको. आधी चाल बघा, ती पक्की ओळख. शेजारी पिकाला पाणी सोडलं असेल तर तिथंही नजर टाका.

बाजरीच्या धसकटांवर किंवा कुंपणाच्या काटक्यांवर गप्पीदास बसतो, नेहमी शेंड्यावरच. तो खाली उतरून किडा टिपतो आणि बऱ्याचदा त्याच काटकीवर परततो, म्हणून नवशिक्यानं त्याच्यापासूनच सुरुवात करावी. तारेवर नीलपंख आणि खाटीक. हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबलेली, पांढरट, काळ्या खांद्यांची ती कापशी घार. ती उंदीर मारते, शेतकऱ्याच्या मोठ्या उपयोगाची.

विहिरीवर लोंबणारी सुगरणीची रिकामी घरटी तोडू नका. पांढऱ्या कंठाची मुनिया जुन्या घरट्यांत संसार मांडते.

अकरा ते तीन विश्रांती. उन्हात फारसं काही हलत नाही.

चारनंतर माळावर जा. गवतावरून अगदी खालून, पंख वर उचलून तरंगत जाणारा शिकारी दिसला तर तो भोवत्या. मध्य आशियाकडून इथवर येतो आणि नाकतोडे फस्त करतो. नर राखाडी, मादी तपकिरी, तिच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. भोवत्ये रात्री गवतात जमिनीवरच मुक्काम करतात, म्हणून अंधार पडताना त्या गवतात शिरू नका, कुत्रंही सोडू नका. एकदा उठवले तर त्यांना पुन्हा सुरक्षित जागा शोधावी लागते.

नोंद त्याच रात्री करा. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या ॲपवर, वेळ, अंतर आणि प्रत्येक जातीची संख्या भरा. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या या दोन जातींच्या माद्या ओळखताना जाणतेही अडखळतात. खात्री नसेल तर नुसतं 'भोवत्या' लिहा.